शारजाहून ऑफर आलीय, २० तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, काय करू?

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३३, डिप्लोमा मेकॅनिकल, अकरा वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतच, कारखान्यांच्या भागात. आधी सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) होतो, मग क्वालिटीत आलो, आत्ता एका हायड्रॉलिक पार्ट्सच्या कारखान्यात सीएमएम, म्हणजे पार्टची मापं घेणारं मशीन बघतो. स्पूल (व्हॉल्वच्या आत सरकणारा दांडा) आणि तो बसतो ते बोअर, सगळं काम मायक्रॉनमध्ये. पीएफ कापून हातात ३६ हजार पडतात. घर वर बांधलं त्याचं कर्ज नऊ लाख शिल्लक आहे, हप्ता १४ हजार.

आता ऑफर. शारजाची व्हॉल्व बनवणारी कंपनी, क्वालिटी इन्स्पेक्टर, ६,००० दिरहम, काँट्रॅक्ट दोन वर्षांचं. आजच्या भावाने १ लाख ४० हजारांच्या आसपास होतात. इंटरव्ह्यू कंपनीनेच ऑनलाइन घेतला, स्पूलचं ड्रॉइंग दाखवून सिलिंड्रिसिटी, म्हणजे दांडा सगळीकडे सारखा गोल आहे का, ते कसं मोजशील विचारलं, ते तर मी झोपेत सांगेन. पण मध्ये एक कन्सल्टंट आहे, तो ८५ हजार मागतोय, ४० आत्ता आणि बाकी व्हिसा आल्यावर.

घरी आई आहे, शुगर आणि गुडघे. बाबा फौंड्रीत मोल्डिंगला होते, रिटायर होऊन आता खानापूरकडची दोन एकर भातशेती करतात, म्हणजे अर्धा वेळ गवे हाकलतात. बायको मराठी शाळेत शिकवते. मुलगी साडेचार वर्षांची. ताई कोल्हापूरला दिलीय.

परवा ऑफर लेटरचं प्रिंट बाबांना दिलं. त्यांना इंग्लिश वाचता येत नाही पण भिंग घेऊन आकडे तेवढे बघितले, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग एकच विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं काँट्रॅक्ट दोनचं आहे. म्हणाले, "काँट्रॅक्टचं नाही विचारलं." तेव्हापासून झोप नाही बघा.

तिसरं_गेट

जाऊन ये की बे, काय इचार करूलास एवढा! इथं मालक दिवाळीला पाचशे वाढवून हातात कुंद्याचा बॉक्स देतोय आणि आपण वर्षभर त्याचं कौतुक सांगत फिरतोय. मला ऑफर आली असती तर धागा काढायच्या आधी सांबऱ्याला विमानतळावर जाऊन बसलो असतो.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट

सांबऱ्याहून दुबईचं विमान नाही रे 😀 गोव्याहून किंवा बेंगळूरहून जावं लागतंय.

शारजा_रोला

भावा, मी शहापूरचा, नऊ वर्षं इथे शारजात. ६,००० ऐकून आनंद झाला पण आधी एक सांग, बेसिक किती लिहिलंय? टोटल नको सांगू. लेटरमध्ये तक्ता असेल तो जसाच्या तसा टाक.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट

बेसिक २,४००, घरभाडं १,८००, ट्रान्सपोर्ट ६००, अदर १,२००.

शारजा_रोला

वाटलंच. आता नीट वाच, हे कुणी सांगत नाही आणि आपली पोरं टोटल बघून सही करतात.

इथे सगळं बेसिकवर चालतं. ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांच्या बेसिकची, पुढे ३० दिवसांची. तुझं बेसिक २,४०० म्हणजे दिवसाचे ८०, २१ दिवसांचे १,६८०. पाच वर्षं राबून निघालास तर हातात ८,४००. तेच बेसिक ४,००० असतं तर १४,०००. पगार तोच, काम तेच. ओव्हरटाइमचा तास पण बेसिकवर धरून वर २५ टक्के. नोकरी गेली तर जो सक्तीचा बेकारी विमा आहे, २०२३ पासून सुरू झालाय, महिन्याला ५ दिरहम भरायचे, त्यातही बेसिकच्याच ६० टक्के मिळतात, तीन महिन्यांपर्यंत, आणि ते पण आधी वर्षभर भरलेलं असेल तर. तुला ६,००० पगार आहे म्हणून ३,६०० येतील समजशील, येतील १,४४०. तेवढ्यात इथे नुसतं बेडस्पेस (शेअरिंग रूममधली एक खाट) आणि जेवण होतं.

म्हणून एचआरला मेल कर, टोटल वाढवू नका म्हणावं, तक्ता बदला. फार तर नाही म्हणतील, ऑफर काही परत घेत नाहीत त्यावरून.

खर्चाचं म्हणशील तर, एकटा राहिलास, शेअरिंग रूम, घरी जेवण केलंस तर १,८०० ते २,००० मध्ये महिना जातो माझ्या अंदाजाने. ४,००० पाठवता येतात. फॅमिली आणायची तर फॅमिली व्हिसाला ४,००० पगार लागतो, किंवा ३,००० आणि कंपनीचं घर, त्यात तू बसतोस. पण बसणं वेगळं आणि भागणं वेगळं. आमचं वन बीएचके वर्षाला ३८ हजार, चार चेक आधीच द्यायचे. वर शाळेची फी, बस, वीज, एसी. मी फॅमिली आणली तेव्हा ७,५०० होते आणि २५ तारखेनंतर क्रेडिट कार्डावर दूध आणायचो, खोटं नाही सांगत.

उन्हाळ्याची भीती घालतील लोक. शॉपफ्लोअरला एसी असतो क्वालिटी रूमला तरी, सीएमएमला २० डिग्री लागते ते तुला माहितीय, कंपनी माणसासाठी नाही तर मशीनसाठी एसी लावते 😄

मस्कत_रिटर्न

रोलावाल्या दादांनी पैशाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. सात वर्षं मस्कतला काढून २०२० च्या जुलैत, कोविडात अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारतच्या विमानाने आलो, बेंगळूरला सात दिवस हॉटेलात कोंडून घेतलं स्वतःच्या पैशाने, मग घरी.

एक, ते ८५ हजार. एक रुपया देऊ नकोस. आपल्या सरकारने नोंदणी केलेला एजंट असेल तरी त्याला जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. सरकारच्या ई-मायग्रेटच्या साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्याचा नंबर माग आणि स्वतः बघ. आणि दुबई-शारजाच्या कायद्यात, २०२१ चा ३३ नंबरचा, कामगाराकडून भरतीचा खर्च वसूल करायलाच बंदी आहे. इंटरव्ह्यू कंपनीने घेतला, लेटर कंपनीने दिलं, मग हा माणूस ८५ हजार कशाचे मागतोय? फोन लावून दिल्याचे?

दोन, व्हिजिट व्हिसावर ये, इथे आल्यावर बदलून देऊ असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. एम्प्लॉयमेंटचा एंट्री परमिट हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. राजीनामा देऊन चार महिने घरी बसलेला पोरगा आमच्या गल्लीत आहे, रोज सकाळी बॅग भरलेली बघायचो त्याची.

तीन, पासपोर्ट. मला पोचल्या दिवशी ऑफिसातल्या माणसाने "सेफ कस्टडी" म्हणून घेतला, मी दिला. वडील गेले तेव्हा तो मिळवायला अडीच दिवस लागले. बेळगावात पोचलो तर सगळं आटपलं होतं. कंपनीने पासपोर्ट ठेवून घेणं कायद्यात बसत नाही, हे मला नंतर कळलं. तुला आधी कळलेलं बरं.

तिसरं_गेट

दादा, हे माहीत नव्हतं मला. मी उगाच सांबऱ्याला पळवलं याला.

निपाणीकर_काका

अहो पण शारजा कशाला, पुण्याला चाकणला जावा की. आपलीच माणसं, आपलीच भाषा. आमची तर १९५६ पासून हीच गोष्ट आहे, इथे कन्नड येत नाही म्हणून सरकारी नोकरी नाही, तिकडे गेलं की डोमिसाइल दाखवा म्हणतात. ८६५ गावांचं काय झालं सांगा मला. २००४ चा दावा अजून सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि आमची पोरं…

धागा_राखणदार

काका, नमस्कार. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथे ४०० च्या वर प्रतिसाद झालेत. इथे कृपया शारजा.

निपाणीकर_काका

राहिलं. पण चाकणचं विचार करा एवढंच म्हणतो.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट

काका, चाकणला विचारलं होतं मागच्या वर्षी. ४५ हजार देत होते. भाडं, मेस आणि शनिवारी रात्रीची बस धरून घरी पाठवायला इथल्याएवढेच उरत होते. घरापासून लांब राहायचंच असेल तर मग त्यात काहीतरी उरलं तरी पाहिजे, असं मला वाटतं.

खानापूर_टू_श्टुटगार्ट

जर्मनीचं कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहितो. तुमचं प्रोफाइल इथे चालतं, इन्स्पेक्शनवाली माणसं हवी आहेत, पण शॉपफ्लोअरवर जर्मनशिवाय ढकलत नाही. मी बेंगळूरच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन बी-वन लेव्हलपर्यंत केलं त्यात वर्ष गेलं. २० तारखेला उत्तर देण्यासारखी ही गोष्ट नाही. तिकडे जाऊन संध्याकाळी मोबाइलवर रील बघण्यापेक्षा एक तास जर्मनचं डेअर-डी-दास करा, दोन वर्षांनी दार उघडं असेल.

खानापूरची_लेक

मी सगळं वाचलं. तुमची मूळ पोस्ट दोनदा वाचली. आईचे गुडघे आहेत, बाबांचे गवे आहेत, ताई कुठे दिलीय ते पण आहे. बायकोचं "मराठी शाळेत शिकवते" एवढंच. तिला काय वाटतं ते एका ओळीत पण नाही. विचारलंय का तिला? की ऑफर आल्यावर सांगितलंय फक्त?

राग मानू नका. माझा नवरा अबुधाबीत होता सहा वर्षं, मी चार वर्षं इथे आणि दोन तिकडे होते, दोन्ही बाजू बघितल्यात. तिकडे माझ्या व्हिसावर "हाउसवाइफ" लिहून आलं तेव्हा मी बी.एड. होते.

आणि तीन कामाच्या गोष्टी, या मी चुका करून शिकले.

तुमचं लग्न रजिस्टर झालंय का? आपल्याकडे पत्रिका, फोटो आणि कार्यालयाची पावती यावर लोक वर्षानुवर्षं चालवतात. फॅमिली व्हिसाला मॅरेज सर्टिफिकेट लागतं, त्यावर राज्याचा, दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा आणि यूएई एम्बसीचा शिक्का. यूएईला नुसतं अपॉस्टिल (परराष्ट्र खात्याचा एकच शिक्का) चालत नाही, पूर्ण अटेस्टेशन करावं लागतं. फॅमिली नेणार नसलात तरी रजिस्टर करा. तिकडे तुम्हाला काही झालं तर इथे ती कोण हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.

नाव तपासा. दहावीच्या मार्क्स कार्डावर आपली नावं कर्नाटक पद्धतीने इनिशियल लावून असतात, डिप्लोमावर कधी आडनाव पुढे कधी मागे, पासपोर्टवर तिसरंच. माझ्या नवऱ्याचं एक इनिशियल जुळत नव्हतं त्यासाठी अॅफिडेव्हिट, मग परत बेंगळूर. जन्मगावाचं म्हणाल तर एका कागदावर बेलगाम आणि दुसऱ्यावर बेळगावी, त्यावर तिकडच्या बाईने मला विचारलं ही दोन गावं आहेत का. काय सांगणार तिला 😅

तिसरं शेतीचं. एनआरआय झालात की भारतात नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली राहते, आधीची राहते, त्याची भीती नाही. पण तिकडून पैसे पाठवून शेजारचा एकर घेऊ असं बाबांच्या मनात असेल तर ते तुमच्या नावावर होणार नाही. आधीच बोलून घ्या.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट

ताई, राग नाही. लाज वाटली थोडी. सांगितलं होतं, विचारलं नव्हतं.

आणि शेजारच्या एकराचं तुम्हाला कसं कळलं? बाबा खरंच तेच म्हणत होते काल.

खानापूरची_लेक

सगळ्यांच्या बाबांच्या मनात शेजारचा एकर असतो.

मस्कत_रिटर्न

ताईंच्या पोस्टला शंभर मार्क. बाबांच्या प्रश्नाबद्दल माझं थोडं. मी दोन वर्षांसाठी गेलो होतो. दोन वर्षांत कर्ज फिटलं. मग वाटलं स्लॅब टाकू. स्लॅब झाला तर भाऊ म्हणाला गाडी. मग बहिणीचं लग्न. दर वेळी कारण खरंच होतं हो, खोटं एक पण नव्हतं. सातव्या वर्षी कोविड आला म्हणून परत आलो, नाहीतर अजून तिथेच असतो. म्हणून कर्ज फिटलं की येतो असं म्हणू नकोस, कर्ज फिटत नसतं, बदलत असतं. तारीख सांग बाबांना. पुढे चुकली तर चुकली, पण तारीख असू दे.

शारजा_रोला

मस्कतवाले दादा बरोबर बोलले, मी त्यातलाच, माझं पण "दोन वर्षं" चाललंय नववं.

अजून दोन बारीक गोष्टी राहिल्या. ऑफर लेटर कंपनीच्या लेटरहेडवरचं वेगळं आणि तिकडच्या कामगार खात्याचं वेगळं, दुसऱ्यावर नंबर असतो, तो खात्याच्या साइटवर टाकून बघता येतो. ते अरबी, इंग्लिश आणि तिसऱ्या भाषेत घेता येतं, हिंदी मिळतं, मल्याळम मिळतं. मराठी नाही आणि कन्नड पण नाही, तिथे आपण सगळे एका लायनीत 😀 दोन्ही लेटरचे आकडे सेम पाहिजेत. प्रोबेशन सहा महिन्यांच्या वर ठेवता येत नाही, तुझ्या लेटरमध्ये बघ.

आणि छातीचा एक्स-रे इथूनच काढून घे. तिकडे पोचल्यावर मेडिकल असतं, जुना टीबीचा डाग निघाला तर मोठं लफडं. फौंड्री-उद्यमबागवाल्यांनी तर जरूर.

तिसरं_गेट

बँकेचं कुणीच नाही बोललं, माझा मेहुणा बँकेत आहे म्हणून सांगतो. गेल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच चालवायचं नसतंय, ते एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशाचं खातं) करायचं, आणि तिकडचा पगार पाठवायला एनआरई खातं उघडायचं, त्यावरच्या व्याजाला इथे टॅक्स नाही. मेहुणा म्हणतो निम्मे लोक सांगतच नाहीत आणि मग केवायसीला अडकतात.

निपाणीकर_काका

शेती कोण बघणार पण? दोन एकर भात म्हणजे लावणीला माणूस मिळत नाही आता.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट

काका, लावणीला मी चार दिवस रजा टाकून जातो दरवर्षी. हात कापतात, संध्याकाळी मायक्रोमीटर धरवत नाही, पण जातो. तेच तर आहे. पुढच्या वर्षी कोण जाणार.

तिसरं_गेट

काय झालं रे? सहा दिवस झाले, १८ तारीख आली. धागा टाकून पळालास काय?

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट

नाही नाही, आहे. एकामागून एक सांगतो.

एचआरला मेल टाकला, रोलावाल्या दादांनी सांगितलं तसा. बेसिक ४,००० मागितलं. तीन दिवस गप्प, मग चार ओळींचं उत्तर आलं, टोटल तीच, बेसिक ३,०००. व्हिसा, मेडिकल आणि जायचं तिकीट कंपनीचं हे पण लिहून दिलं. ग्रॅच्युइटी वर्षाला १,६८० ची २,१०० झाली. फार नाही, पण मागितल्याशिवाय तेवढं पण मिळालं नसतं. कन्सल्टंटला नोंदणी नंबर विचारला तर चिडला, तुमच्यासारखे शंभर आहेत लाइनीत म्हणाला. असू देत म्हटलं. ऑफर कंपनीकडून अजून आहेच, म्हणजे तो मध्ये नुसताच उभा होता.

मग घरचं. रविवारी बायकोला विचारलं. म्हणजे खरंच विचारलं, मुलगी झोपल्यावर, टीव्ही बंद करून. ती म्हणाली, "तुम्ही जावा. मी येणार नाही." मला वाटलं रागावलीय. तसं नव्हतं. तिचं शाळेत पर्मनंटचं चाललंय, दीड वर्षात होईल असं हेडबाई म्हणतात, आणि पहिलीत यंदा अकराच मुलं आलीत, ती गेली तर तो वर्ग दुसऱ्या बाईंच्या वर्गाला जोडतील आणि मग पुढच्या वर्षी पहिली उघडेल की नाही सांगता येत नाही. आपल्या मुलीला तिथेच घालायचीय असं तिच्या डोक्यात आहे, हे मला माहीतच नव्हतं, मी इंग्लिश मीडियम धरून चाललो होतो. म्हणाली एप्रिल-मेच्या सुट्टीत आम्ही दोघी व्हिजिटवर येतो, ऊन असू दे. आईचं ती बघेल, पण ताईने महिन्यातून चार दिवस यायचं, आणि ते ताईला मी सांगायचं, तिने नाही. बरोबर आहे ते.

बाबांना तारीख सांगितली. तीन वर्षं. म्हणजे एकदा रिन्यू करायचं आणि मध्येच निघायचं, नोटीस देऊन. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी बघतो तर शेजारच्या काकांशी वाट्याने शेत द्यायचं बोलत होते फोनवर, तीन वर्षांसाठीच.

तर आज सकाळी हो कळवलं. अजून पोटात गोळा आहे. काल दुसऱ्या शिफ्टला कूलंटचा वास आला आणि उगाच वाटलं हा वास तिकडे असाच असेल काय.

राजीनामा मात्र परमिट आल्यावरच.

शारजा_रोला

वास सेम आहे भावा. ये, रोलाला पहिला चहा माझ्याकडे. येताना बेळगाव बासमती पाच किलो आण, विमानात बॅगेत बसतो.

खानापूरची_लेक

वहिनींना माझा नमस्कार सांगा. अकरा मुलांसाठी. आणि रजिस्ट्रेशन?

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट

मंगळवारी जातोय ताई, लग्नाला सात वर्षं झाल्यावर. साक्षीदार आणा म्हणाले, फोटो आणा, लग्नपत्रिका आणा. फोटो आहेत. पत्रिका एक पण सापडेना, पाचशे छापल्या होत्या.

तिसरं_गेट

साक्षीदार मी. लग्नात जेवलोय, दोन वेळा बसलो होतो पंगतीला.

खानापूरची_लेक

आईंच्या ट्रंकेत बघा.

उद्यमबाग_दुसरी_शिफ्ट

सापडली! ट्रंकेत नाही, स्वयंपाकघरात वरच्या फळीवर. आईने तिची पुडी करून त्यात ब्याडगी मिरचीचं बी बांधून ठेवलं होतं. तारीख आणि दोघांची नावं वाचता येताहेत, मुहूर्ताच्या ठिकाणी तेलाचा डाग आहे. चालेल काय?